तैवानच्या आजीचा अ‍ॅनिमेशनपट: आधी आवाज, मग कागद

प्रश्न असा आहे: ‘मी तैपेईत अ‍ॅनिमेशन शिकतो. माझी वर्गमैत्रीण ताइनानची, तिची आजी नव्वदीपुढची. आम्हा दोघांना कागदी कटआउट (कापलेले तुकडे थोडे थोडे हलवून एकेक फोटो घ्यायचा) वापरून, संगणकावर काहीही न चितारता, आठ मिनिटांचा चित्रपट करायचा आहे. विषय तैवानचा चारशे वर्षांचा इतिहास आणि तैवानी ओळख. डच, स्पॅनिश, कोशिंगा (डचांना हरवणारा चिनी सेनापती), छिंग (चिनी साम्राज्य), जपान, चँग कै-शेक आणि लोकशाही असे सात भाग पाडलेत. शैली कोणती घ्यावी, आणि दोघांना हे झेपेल का?’

झेपेल. पण सात भाग करू नका.

आठ मिनिटांत सात राजवटी म्हणजे एका राजवटीला जेमतेम मिनिटभर. त्या मिनिटात तुम्ही काय दाखवणार? जहाज येतं, झेंडा चढतो, टोप्या बदलतात, झेंडा उतरतो. प्रेक्षकाला तैवान दिसतच नाही, दिसतात ते फक्त तिथे येऊन गेलेले लोक. शिवाय ‘चारशे वर्षं’ हा आकडाच एका बाजूचा आहे. १६२४ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीने आजच्या ताइनानच्या किनाऱ्यावर तळ ठोकला, तिथून तो मोजला जातो. २०२४ मध्ये ताइनानने चारशेवं वर्ष थाटात साजरं केलं, तेव्हाही मूलनिवासींपैकी अनेकांनी विचारलं की त्याआधीच्या हजारो वर्षांचं काय. सरकारने आज मान्यता दिलेल्या मूलनिवासी जमाती सोळा आहेत. ज्यांच्या भूमीवर डचांचा किल्ला उभा राहिला ते सिराया लोक त्या सोळांत नाहीत. त्यांच्या बाजूने घटना न्यायालयाचा निकाल लागायला २०२२ उजाडावं लागलं. म्हणजे तुमच्या पहिल्या पाटीवर ‘१६२४’ लिहिलंत की चित्रपट सुरू व्हायच्या आत तुम्ही एक भूमिका घेतलेली असेल, आणि तैवानी प्रेक्षकाला ती पहिल्या सेकंदाला कळेल.

तुमच्याकडे त्यापेक्षा कितीतरी भारी सामग्री आहे: ती आजी. प्रश्नात तिला अर्धं वाक्य मिळालंय, चित्रपटात तिला सगळी आठ मिनिटं द्या.

हिशेब करून पाहा. समजा आजीचा जन्म १९३३ चा. १८९५ च्या शिमोनोसेकी तहानंतर बेट जपानकडे गेलेलं, त्यामुळे ती जन्मली जपानी साम्राज्याची प्रजा म्हणून. घरात तैवानी, म्हणजे तिथल्या होक्लो लोकांची बोली, बोलायची, शाळेत जपानी. १९४५ मध्ये, तिच्या बाराव्या वर्षी, जपान हरला आणि चीनच्या, चँग कै-शेकच्या राष्ट्रवादी सरकारचा अंमल आला. शाळेची भाषा मँडरिन, म्हणजे प्रमाण चिनी, झाली. चौदाव्या वर्षी, १९४७ मध्ये, या सरकारच्या सैन्याने केलेलं हत्याकांड. सोळाव्या वर्षी, २० मे १९४९ ला मार्शल लॉ लागला, तो १५ जुलै १९८७ ला उठला तेव्हा ती चोपन्न वर्षांची होती. राष्ट्राध्यक्षासाठी थेट मतदान पहिल्यांदा केलं १९९६ मध्ये, त्रेसष्टाव्या वर्षी. तुमच्या सातपैकी तीन भाग या एका बाईच्या अंगावरून गेले आहेत, आणि तेही तिच्या घराचा उंबरा न ओलांडता दाखवता येतील.

आता शैलीचं. हा प्रश्न तुम्ही आधी विचारलात, मी तो मुद्दाम मागे ढकलणार आहे. तैवानच्या बाबतीत ओळख डोळ्यांआधी कानाला कळते. चेहरे, रस्ते, भात, देऊळ हे सगळं एकाच घरात तसंच राहतं आणि भाषा मात्र तीनदा बदलते. म्हणून आवाज आधी ध्वनिमुद्रित करा, चित्र त्यावर बसवा. तोंडाच्या हालचाली जुळवायला सोपं जातं म्हणून आपण नेहमीही आवाज आधी घेतो, ते वेगळं. इथे आवाज हाच कणा आहे.

एक उदाहरण देतो. आजीचं नाव 玉蘭 आहे असं धरू, त्या पिढीत हे नाव सर्रास सापडतं. आई हाक मारते ‘ग्योक-लान’. जपानी मास्तर हजेरीत तीच दोन अक्षरं ‘ग्योकुरान’ अशी वाचतात. पुढे मँडरिनच्या शाळेत तीच ‘यू-लान’ होते. काही घरांनी १९४० नंतरच्या नामांतर मोहिमेत पूर्ण जपानी नावंही घेतली, पण ती नसली तरी हे तीन उच्चार होतेच. कटआउट करणाऱ्याच्या दृष्टीने बघा: गणवेशावरची नावाची पट्टी तुम्ही एकदाच कापायची. कागदाचा तोच तुकडा, तीच दोन अक्षरं, तीन वर्गखोल्या, तीन आवाज. निवेदकाला एक शब्द बोलायची गरज नाही. हे चित्रपटातच होऊ शकतं, लेखात नाही.

म्हणून उद्याच आजीकडे जा. बाकीचं सगळं थांबू शकतं, ही गोष्ट थांबू शकत नाही. जाताना ‘आम्हाला इतिहास सांगा’ असं म्हणू नका. असं म्हटलं की म्हातारी माणसं शाळेच्या पुस्तकातलं बोलायला लागतात किंवा गप्प होतात. मार्शल लॉची अडतीस वर्षं काढलेल्या पिढीला गप्प राहण्याची सवय पक्की आहे, माइक समोर आला की ती जास्तच आठवते. त्यापेक्षा आजीला भाजी निवडायला बसवा आणि आकडे मोजायला सांगा, पाढे म्हणायला सांगा. त्या काळात शाळेत गेलेली बरीच मंडळी हिशेब आजही जपानीत करतात. शिवी कुठल्या भाषेत देता, देवाला काय म्हणता, मुलांना निजवताना कोणतं गाणं, असं विचारा. १९८८ ते २००० या काळात राष्ट्राध्यक्ष असलेले ली तेंग-हुई १९२३ चे. आपण बाविसाव्या वर्षापर्यंत जपानीच होतो, असं ते उघड म्हणत आणि त्यावरून मोठं काहूर उठे. तुमच्या आजीच्या तोंडून अशी गैरसोयीची वाक्यं येतील. जपान्यांची आठवण गोड निघेल, चँगच्या काळाची कडू निघेल, किंवा नेमकं उलट. ती कापू नका.

ध्वनिमुद्रण घरातच करा, स्टुडिओत नको. पंखा बंद, फ्रिज बंद, माइक हनुवटीच्या खाली छातीवर. प्रत्येक बैठकीनंतर त्या खोलीची नुसती शांतता मिनिटभर वेगळी मुद्रित करा, संकलनात तिच्यावाचून अडतं. आजीचं बोलणं नातीने लगेच उतरवून काढावं, आणि कोणतं वाक्य कोणत्या भाषेत आहे हे रंगीत पेन्सिलने खूण करावं. तैवानी निळी, जपानी लाल, मँडरिन काळी. आठ-दहा पानं झाली की कागद लांबून बघा. रंग जिथे एका वाक्यातच बदलतात तिथे तुमचे प्रसंग आहेत.

भाषेचा हा ताण काही नुसता घरगुती नाही. २७ फेब्रुवारी १९४७ च्या संध्याकाळी तैपेईत मक्तेदारी खात्याच्या माणसांनी चोरटी सिगारेट विकणाऱ्या लिन च्यांग-माई या विधवेला मारहाण केली, जमावावर गोळी झाडली, आणि दुसऱ्या दिवशी शहर पेटलं. लोकांनी नभोवाणी केंद्र ताब्यात घेऊन बातमी बेटभर पोचवली. ती इमारत आज त्या घटनेचं संग्रहालय आहे, जरूर जा, तुमच्यापासून मेट्रोने जवळच आहे. त्या दिवसांत रस्त्यात समोरचा कोण हे भाषेवरून ताडलं जाई. तैवानी येत नाही, जपानीही येत नाही, म्हणजे नुकताच चीनमधून आलेला, मग त्याला चोप. ८ मार्चपासून कीलुंग बंदरात सैन्य उतरलं आणि पारडं फिरलं. १९९२ च्या सरकारी अहवालाने मृतांचा अंदाज १८ ते २८ हजार इतका दिला. पुढे शाळेत तैवानी बोललं की दंड किंवा गळ्यात ‘मी बोलीभाषा बोलणार नाही’ अशी पाटी. टीव्हीवरही तैवानी कार्यक्रमांवर मर्यादा होत्या, त्या कायद्याने उठायला १९९३ उजाडलं. नातीला आजीची भाषा अर्धवट येत असेल तर त्याचं कारण इथे आहे. तुमच्या मैत्रिणीने हे बोलायला हरकत घेतली नाही, तर तिची ती अर्धवट तैवानीही चित्रपटात येऊ द्या. नात चुकते, आजी दुरुस्त करते, असा एक तुकडा मिळाला तर तो सोन्याचा.

आता हात आणि कागद.

१९४७ च्या घटनेचं सगळ्यात ओळखीचं चित्र म्हणजे हुआंग रोंग-त्सान यांचा एक लहानसा लाकडी ठसा. सिगारेटवालीची झडती, रोखलेली बंदूक, हात वर केलेली माणसं. तो त्याच वर्षी एप्रिलमध्ये शांघायच्या एका वर्तमानपत्रात टोपणनावाने छापून आला. हुआंग स्वतः तैवानी नव्हते, चीनमधल्या सेच्वान भागातून युद्धानंतर आलेले. १९५२ मध्ये त्यांना गोळी घातली गेली. ‘चीनमधून आलेले विरुद्ध तैवानी’ अशी सरळ मांडणी करायचा मोह झाला तर हा माणूस आठवा: त्या हत्याकांडाचं चित्र बाहेरून आलेल्याच एकाने कोरलं आणि जीव गमावला.

माझं मत असं की तुमच्या चित्रपटाचा मधला भाग ठशांचा असावा. पण प्रत्येक फ्रेमला नवा ठोकळा कोरायच्या भानगडीत पडू नका, त्यात दोन माणसं संपतील. लिनोवर, म्हणजे कोरायला मऊ अशा लिनोलियमच्या तुकड्यांवर, अवयव कोरा: चेहरे तीन कोनांतून, हात पाच-सहा मुद्रांमध्ये, धड, पाय, छत्री, सायकल. प्रत्येकाच्या वीस-पंचवीस प्रती काळ्या शाईत छापा, वाळू द्या, मग कापून त्यांचेच कटआउट करा. ठशाचा खरखरीतपणा राहतो, प्रत्येक प्रतीत शाई थोडी वेगळी बसते, त्यामुळे नुसती प्रत बदलली तरी स्थिर उभा माणूस श्वास घेतल्यासारखा वाटतो. कापलेल्या कागदाची कड पांढरी दिसते, ती काळ्या मार्करने रंगवून घ्या, नाहीतर पडद्यावर प्रत्येक हाताभोवती पांढरा दोरा फिरताना दिसेल. सांध्यांना मागून बारीक तांब्याची तार किंवा दोरा. मी हल्ली सांधेच करत नाही, तुकडे सुटे ठेवतो आणि चिमट्याने हलवतो. वेळ जास्त लागतो पण बाहुलीची ती टिपिकल कंपासासारखी चाल येत नाही.

कागद तैवानचाच घ्या. नानतौ जिल्ह्यातलं पूली हे गाव हातकागदासाठी प्रसिद्ध आहे, तिथल्या कारखान्यात जाऊन निवडता येतो. लांब धाग्यांचा पातळ कागद खालून प्रकाश टाकला की फार सुंदर दिसतो. आजीच्या बालपणासाठी मी तोच वापरेन: खाली दिवा, वर पातळ कागदाचे दोन-तीन थर. काओशुंगच्या परिसरात चामड्याच्या सावल्यांच्या बाहुल्यांची परंपरा आहे, गांगशानला तिचं संग्रहालयही आहे. चामडं तासून, रंगवून, मागून उजेड. सिंधुदुर्गात पिंगुळीला ठाकरांच्या चामड्याच्या बाहुल्या पाहिल्या असतील तर तंत्र लगेच ओळखाल. दोन्ही ठिकाणी कोरलेल्या भोकांतून येणारा उजेड अर्धं काम करतो.

शेवटच्या भागासाठी, म्हणजे मार्शल लॉ आणि त्यानंतरच्या शांततेसाठी, कोळसा वापरून बघा. एकाच जाड कागदावर कोळशाने काढायचं, फोटो घ्यायचा, पुसायचं, पुन्हा काढायचं. पुसलेलं पूर्ण जात नाही, राखाडी डाग राहतो. दक्षिण आफ्रिकेच्या विल्यम केन्ट्रिजने या पद्धतीला मोठं केलं, आणि ती वर्णद्वेषी राजवटीच्या आठवणीसाठी का चपखल बसली हे तुम्हाला सांगायला नको. तैवानमध्ये १९५० च्या दशकात गोळी घालण्याआधी राजकीय कैद्यांनी घरी लिहिलेली शेवटची पत्रं सरकारी फायलींत पडून राहिली. काही कुटुंबांना ती पन्नासहून जास्त वर्षांनी मिळाली. त्यातली काही राष्ट्रीय मानवाधिकार संग्रहालयाने लोकांसमोर आणली आहेत. पुसूनही न गेलेली रेघ या पत्रांशेजारी ठेवली की वेगळं काही सांगावं लागत नाही.

तीन माध्यमं म्हणजे खिचडी होईल अशी भीती वाटेल. आजीचा आवाज एकच असेल तर होणार नाही. उलट तिन्ही काळ एकाच गुळगुळीत शैलीत काढले तर ते पर्यटन खात्याच्या जाहिरातीसारखं दिसेल.

एक मोह मात्र टाळा: हातबाहुल्यांचा खेळ, ज्याला तिथे ‘पोतेही’ म्हणतात. तैवानवर काही करायचं म्हटलं की प्रत्येकाला तोच आठवतो, आणि त्याचा इतिहास आहेही तसाच. १९३७ नंतर जपान्यांनी पारंपरिक खेळ बंद करून जपानी कथा लादल्या, पुढच्या राजवटीने साम्यवादविरोधी नाटकं करायला लावली. १९७० मध्ये हुआंग च्युन-शिओंग यांची तैवानी भाषेतली बाहुल्यांची मालिका टीव्हीवर आली आणि बेटभर लोक कामं टाकून ती बघायला बसू लागले. १९७४ मध्ये ती सरकारने बंद पाडली. हे सगळं खरं. पण त्या बाहुलीचा जीव माणसाच्या मनगटात आहे. ती फ्रेम-फ्रेमने हलवली की मरते. मी असे अनेक प्रयत्न पाहिले आहेत, एकही बघवला नाही. घ्यायचीच असेल तर बाहुली मेजावर पडलेली दाखवा, आत हात नसलेली.

आणि मूलनिवासींचं काय? आजी होक्लो घरातली असेल तर पायवान किंवा अतायाल नक्षी सजावट म्हणून आणू नका. पायवानांत शंभर पावलांच्या सापाची आणि मानवी मुखाची चिन्हं परंपरेने सरदार घराण्यांची, कुणीही कुठेही वापरावीत अशी नाहीत. तैवानने २००७ मध्ये मूलनिवासींच्या पारंपरिक कलानिर्मितीच्या संरक्षणाचा स्वतंत्र कायदा केला आहे. नोंदणी झालेली नक्षी वापरायची तर त्या जमातीची संमती लागते. तुम्हाला मूलनिवासी इतिहास आणायचाच असेल, तर ताइनानच्या घराशी त्याचा खरा धागा आहे: सिराया. डच मिशनऱ्यांनी त्यांची भाषा रोमन लिपीत लिहायला शिकवली. डच १६६२ मध्ये कोशिंगाकडून हरून निघून गेले, तरी सिराया गावं जमिनीचे करार त्या लिपीत एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत लिहीत राहिली, शेजारी चिनी मजकूर. शिकवणारे गेल्यावर दीडशे वर्षं टिकलेली लिपी! ताइनानच्या अनेक होक्लो कुटुंबांत सिराया पूर्वज निघतात. आजीला विचारा, घरात कुणी कुजबुजत का असेना, तसं म्हणत असे का. उत्तर ‘हो’ आलं तर तो करार पार्श्वभूमीचा कागद म्हणून वापरा. ‘नाही’ आलं तर विषय सोडा. सगळ्यांना सामावून घेण्याच्या नादात आजी हरवू देऊ नका.

तपशिलांत तैवानी प्रेक्षक फार काटेकोर असतो, आणि अ‍ॅनिमेशनमध्ये ‘शूटिंगच्या वेळी तिथे होतं’ ही सबब चालत नाही, कारण प्रत्येक वस्तू तुम्ही हाताने ठेवलेली असते. भिंतीवरचं कॅलेंडर १९४१ चं असेल तर त्यावर शोवा १६ हे जपानी सम्राटाच्या कारकिर्दीचं वर्ष हवं, १९४७ चं असेल तर चिनी प्रजासत्ताकाचं वर्ष ३६. जपानी काळात वाहनं डावीकडून चालत, युद्धानंतर उजवीकडून. पण जुनी रेल्वे आजही डावीकडूनच धावते, त्यामुळे स्टेशनचा शॉट उलटा काढू नका. जुन्या दुकानांच्या आडव्या पाट्या उजवीकडून डावीकडे वाचायच्या. अक्षरं पारंपरिकच हवीत. आपल्याकडचे लोक इंटरनेटवरून चिनी फॉन्ट उतरवतात तो बऱ्याचदा चीनमधल्या सोप्या अक्षरांचा असतो, आणि तैपेईच्या सभागृहात लोक तिथेच हसतात. तुम्ही तर अक्षरं हाताने कापणार आहात, तेव्हा नातीकडून प्रत्येक रेघ तपासून घ्या. १५ जून १९४९ ला जुने ४०,००० तैवान डॉलर देऊन नवा एक डॉलर मिळाला. आजीच्या घरात जुन्या नोटांचं काय झालं हे विचारलं तर एक अख्खा प्रसंग हाती लागेल, आणि नोटा कटआउट करायला यासारखी दुसरी मजा नाही.

घर कसं दिसतं? लाल कंदील, बांबूचं बन, ड्रॅगन हे सगळं डोक्यातून काढा. तैवानी डोळ्याला घर वाटतं ते खिडक्यांच्या लोखंडी जाळ्यांमुळे, दगडी चुरा घासून केलेल्या फरशीमुळे, लाल-हिरव्या-निळ्या पट्ट्यांच्या बाजारपिशवीमुळे, मोठ्या फुलांच्या गुलाबी कापडामुळे, पत्र्यावर पडणाऱ्या पावसामुळे. खिडकीच्या जाळ्या तर कटआउटसाठीच बनल्यासारख्या आहेत: गिटार, फुजी पर्वत, फुलं, घराण्याचं आडनाव, काय वाटेल ते वाकवलेलं असतं. ताइनानच्या गल्ल्यांत फिरून त्या कागदावर उतरवा. आजचा काळ एका क्षणात कळवायचा असेल तर बाहेरून कचऱ्याची गाडी जाऊ द्या. ती बेथोव्हेनची ‘फ्यूर एलिझे’ किंवा ‘कुमारिकेची प्रार्थना’ वाजवत येते, आणि तैवानी माणूस जगात कुठेही तो सूर ऐकून पिशवी शोधायला उठतो.

संगीतावरून एक स्वामित्वहक्काचा मुद्दा, यात भले भले अडकतात. आजी बहुतेक ‘यू-या-होए’, म्हणजे पावसाळी रात्रीचं फूल, हे गाणं गुणगुणेल. १९३४ चं हे गाणं तेंग यू-शिएन यांच्या चालीवर आहे. पुढे जपान्यांनी हीच चाल उचलून युद्धावर जाणाऱ्या हमालांच्या गौरवाचं गाणं केलं. म्हणजे चालीतच तुमचा विषय आहे. तेंग १९४४ मध्ये वारले, त्यामुळे चाल आता मोकळी आहे. पण तैवानी शब्द चौ तिएन-वांग यांचे, आणि ते गेले १९८८ मध्ये. तैवानमध्ये हक्क मृत्यूनंतर पन्नास वर्षं चालतात, भारतात साठ, युरोपात सत्तर. तेव्हा आजीला शब्दांशिवाय गुणगुणू द्या, किंवा शब्दांची लेखी परवानगी आधी काढा. महोत्सवांच्या अर्जावर ‘सर्व हक्क आमच्याकडे’ यावर सही करावी लागते. जुनी ध्वनिमुद्रिका लावायचा विचार असेल तर तिचे हक्क पुन्हा वेगळे.

आता दोघांना झेपण्याचा प्रश्न. सेकंदाला बारा चित्रं धरली तर आठ मिनिटांना ५,७६० फ्रेम होतात. आठ चित्रांवर ३,८४०. मी आठवर जाईन, ठशांच्या भागात तर सहाही चालतील. सुट्या तुकड्यांच्या कटआउटमध्ये दिवसाला चार सेकंद धडपणे निघाले तर दिवस सत्कारणी लागला समजा. म्हणजे नुसत्या चित्रीकरणालाच १२० दिवस. कॉलेजचं शेवटचं वर्ष असेल तर लांबी सहा मिनिटांवर आणा, पण हात आखडता घेऊन हालचाली अर्धवट करू नका. एकाने तुकडे हलवायचे, दुसऱ्याने एक्स-शीट, म्हणजे कोणत्या फ्रेमला काय हलतं याचा तक्ता, भरायची आणि कॅमेरा बघायचा. अदलाबदल प्रसंगागणिक करा, शॉटच्या मध्ये कधीच नको. प्रत्येकाचा हात वेगळा चालतो आणि ते दिसतं.

कॅमेरा काहीही असो, सगळं हाताने ठरवलेलं हवं: फोकस, उघडझाप, पांढऱ्या रंगाचं संतुलन. इलेक्ट्रॉनिक भिंग प्रत्येक फोटोला छिद्र कणभर वेगळं उघडतं आणि पडदा लुकलुकतो. जुनं हाताने फिरवायचं भिंग अडॅप्टरवर लावा, प्रश्न मिटतो. खोलीत काळे पडदे, अंगात काळे कपडे, कारण तुकडे ज्या काचेवर मांडता तिच्यात तुम्हीच दिसता. काचेचे तीन थर पुरेत, त्यांत वीतभर अंतर. ड्रॅगनफ्रेम हे फ्रेम-फ्रेमने चित्रीकरण करायचं सॉफ्टवेअर परवडलं तर घ्या, कॉलेजात असतंच. तैपेईची हवा कोकणातल्या आषाढासारखी आहे: रात्रीत कागद फुगतो आणि सकाळी आजीचा चेहरा बशीसारखा वळलेला असतो. ओल शोषणारं यंत्र चोवीस तास चालू ठेवा, तुकडे वहीत दाबून ठेवा, आणि सुरू केलेला शॉट त्याच दिवशी संपवा.

‘संगणकावर काहीही न चितारता’ हा तुमचा हट्ट मला आवडला, आणि त्याला तैवानमध्ये एक वेगळा अर्थ आहे. १९७८ मध्ये तैपेईत सुरू झालेल्या वांग फिल्म प्रॉडक्शन्समध्ये हॅना-बार्बेरापासून डिस्नेपर्यंतच्या अमेरिकन कार्टूनांची हजारो चित्रं तैवानी हातांनी रेखाटली, रंगवली. जगभरच्या मुलांनी ते हात पाहिले, पण त्यांची गोष्ट कधी पाहिली नाही. मुंबई-पुण्याच्या स्टुडिओत परदेशी मालिकांची कामं केलेल्यांना यातली गंमत आणि खंत दोन्ही कळतील. धूळ, तार, काचेवरची चमक एवढं संगणकावर पुसायला हरकत नाही. बोटाचा ठसा राहिला तर राहू द्या.

तैवानी ओळख म्हणजे नक्की काय याचं उत्तर द्यायच्या फंदात पडू नका. राष्ट्रीय चंगची विद्यापीठ १९९२ पासून लोकांना विचारत आलं आहे: तुम्ही स्वतःला तैवानी मानता, चिनी की दोन्ही. तेव्हा फक्त तैवानी म्हणणारे वीस टक्क्यांहूनही कमी होते, अलीकडे ते साठाच्या पुढे आहेत. एका पिढीत एवढं हललेल्या गोष्टीवर तुमच्या चित्रपटाने शिक्का मारायचं काही कारण नाही. शेजारच्या घरात १९४९ मध्ये सैन्याबरोबर आलेला शानतुंगचा म्हातारा असेल, पलीकडे व्हिएतनामहून लग्न होऊन आलेली सून असेल. आजी त्यांच्याशी कोणत्या भाषेत बोलते एवढं टिपलंत तरी खूप.

राहिली उपशीर्षकं. ती शेवटी घाईत चिकटवाल आणि केलेलं सगळं काम वाया घालवाल, म्हणून आत्ताच सांगतो. मुंबईत किंवा पुण्यात हा चित्रपट दाखवाल तेव्हा तैवानी, जपानी आणि मँडरिन यांतला फरक बहुतेकांच्या कानाला कळणार नाही, आणि खाली एकसारखं मराठी आलं की तीन भाषांची एकच भाषा होईल. होक्लोला मालवणी आणि मँडरिनला पुणेरी असलं काही करू नका, ते विनोदी होतं आणि मालवणी माणसाचाही अपमान होतो. उपशीर्षकंही हाताने करा: तैवानीसाठी शाईने लिहिलेलं सैल अक्षर, जपानीसाठी पाटीवर खडूने काढलेलं, मँडरिनसाठी रबरी शिक्क्याने उठवलेलं. दोन मिनिटांत प्रेक्षकाला सवय होते. याची जागा मात्र स्टोरीबोर्डमध्येच सोडावी लागते, कारण मजकूर फ्रेममध्ये येणार, खालच्या काळ्या पट्टीत नाही. तैवानमधल्या प्रदर्शनासाठी चिनी अक्षरांची वेगळी प्रत काढा, तिथे जवळजवळ सगळ्या कार्यक्रमांना उपशीर्षकं असतात आणि लोक ती वाचतातच. आधी ती प्रत ताइनानला आजीच्या घरी चालवून बघा, आवाज मोठा ठेवून.